सरकारनं जर्नलं घेतली, मग लायब्ररीला पैसे कशाला?

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीचे खजिनदार हिशेबाला पक्के. लिफ्टच्या एएमसीपासून टाकी धुण्यापर्यंत एकेका रुपयाचा माग काढतात. त्यांची मुलगी ठाण्याला एम.एससी. करते. परवा जिन्यात गाठलं आणि मला म्हणाले (मी निवृत्त प्राध्यापक, त्यामुळे शिक्षणखात्याची सगळी पापं माझ्याच माथी), "मॅडम, केंद्र सरकारनं सहा हजार कोटी टाकून सगळी जर्नलं घेतली ना? मग लायब्ररी फी अजून कसली घेतात? आणि विद्यापीठाच्या बजेटमध्ये ग्रंथालयाची वेगळी तरतूद कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी एका कॉलेजच्या ग्रंथालय समितीवर काही वर्षं काढली. पहिल्या बैठकीला जाताना माझाही समज असाच होता: शिक्षकांनी पुस्तकांच्या याद्या द्यायच्या, ग्रंथपालांनी बेरीज मारायची, झालं बजेट. प्रत्यक्षात त्या बेरजेत पुस्तकांच्या किमतीचा आकडा सगळ्यात सोपा निघाला.

आधी त्या सहा हजार कोटींचं पाहू

योजनेचं नाव 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये. त्यात ३० मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास १३,००० ई-जर्नलं येतात आणि ती ६,३०० हून जास्त संस्थांमधल्या सुमारे १.८ कोटी विद्यार्थी-शिक्षक-संशोधकांना खुली होतात. कारभार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट (विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं) केंद्र पाहतं. भागाकार केला तर माणशी वर्षाला साधारण १,१०० रुपये. सौदा वाईट नाही, उलट चांगलाच आहे. घाऊक बाजारात एकानं सगळ्या गल्लीची भाजी घ्यावी तसा.

जर्नल म्हणजे काय, हे एकदाच सांगते. संशोधक आपलं काम इतर संशोधकांपुढे मांडतात ते नियतकालिक. लिहिणाऱ्याला मानधन नाही, लेख तपासणाऱ्या जाणकारालाही बहुधा नाही, वाचणाऱ्याला मात्र वर्गणी. असा धंदा दुसरा कुठला असेल तर मला ठाऊक नाही.

आता खजिनदारांनी न वाचलेल्या अटी. पहिली, पहिल्या टप्प्यात ही सोय सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना आहे. म्हणजे मुंबई विद्यापीठ आत, आणि नव्या मुंबईत पामबीचपासून पनवेलपर्यंत पसरलेली खासगी विद्यापीठं नि कॉलेजं बाहेर. दुसरी, यात जर्नलं आहेत. पाठ्यपुस्तकं, संदर्भग्रंथ, मराठीतली पुस्तकं, जुने दिवाळी अंक यांचा त्यात संबंध नाही. तिसरी अट तर आकड्यांतच आहे: तीन वर्षं. तिच्याकडे शेवटी येते.

मालकी, भाडं आणि सिडकोचा भाडेपट्टा

ग्रंथालय दोन तऱ्हेनं वस्तू घेतं आणि बजेटचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

छापील पुस्तक म्हणजे मालकीचं घर. एकदा पैसे दिले की ते तुमचं, पण महिन्याचं मेंटेनन्स सुटत नाही. ई-जर्नल म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवरचं घर. वर्गणी भरताय तोवर राहा, करार संपला की किल्ली परत. दहा वर्षं भाडं भरलंत म्हणून घराची एक वीटही तुमची होत नाही, तसंच दहा वर्षं वर्गणी भरून नूतनीकरण चुकलं की स्क्रीनवर कुलूप दिसतं. छापील अंकाच्या जमान्यात वर्गणी बंद केली तरी जुने अंक कपाटात राहायचे. ती कपाटं रिकामी करून आपण ई-जर्नलांकडे गेलो, तेव्हा हा फरक फार थोड्यांनी मोजला.

मधला एक प्रकारही असतो. काही करारांत पैसे भरलेल्या वर्षांचे अंक कायम वाचायला मिळतात, पण त्यासाठी प्रकाशकाच्या संकेतस्थळाचं थोडं वार्षिक शुल्क भरत राहावं लागतं. नव्या मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. फ्लॅट आपला, जमीन सिडकोची, भाडेपट्टा मुळात साठ वर्षांचा.

खजिनदारांच्या मुलीची एक तक्रार होती, ती इथेच उलगडते. कॉलेजात उघडणारा लेख लोकलमध्ये ऐरोली स्टेशन येईपर्यंत उघडायचं नाव घेत नाही. कॉलेजच्या वायफायवर असलं की प्रकाशकाचा संगणक तिला 'घरातलं माणूस' समजतो, मोबाइलच्या डेटावर ती परकी. बाहेरूनही उघडावं म्हणून संस्थेला प्रत्येकाचं लॉगिन काढून द्यावं लागतं, विसरलेले पासवर्ड बदलावे लागतात, शिकून गेलेल्यांची नावं काढावी लागतात. वर्गणी सरकारनं भरली तरी हे काम करायला ग्रंथालयात माणूस लागतोच.

डॉलर चढतो तेव्हा

बहुतेक मोठी जर्नलं परदेशी आणि त्यांचा दर डॉलर, पाउंड किंवा युरोत. एक हिशेब करून पाहा. समजा एका जर्नलची वर्गणी २०१० मध्ये २,००० डॉलर होती. तेव्हा डॉलर सुमारे ४६ रुपये, म्हणजे ९२,००० रुपये. २०२४ मध्ये डॉलर सुमारे ८४. प्रकाशकानं एक सेंटही वाढवला नसता तरी बिल १,६८,००० झालं असतं. पण प्रकाशक वाढवतो. वर्षाला पाच टक्के धरले तर चौदा वर्षांत २,००० चे ३,९६० डॉलर होतात आणि बिल सव्वातीन लाखांच्या वर जातं. तेच जर्नल, तितकीच पानं, साडेतीनपट पैसे.

आणि या काळात ग्रंथालयाची तरतूद? ती मागच्या आकड्यावर पाच-दहा टक्के चढवून मिळते, तीही चांगल्या वर्षी.

त्यात प्रकाशक जर्नलं सुटी विकत नाहीत, जुडी करून विकतात. केबलवाला आठवा: मॅच पाहायची तर सोबत नको असलेले चाळीस चॅनल. चार जर्नलं हवीत म्हणून चारशेंचा गठ्ठा घ्यावा लागतो, आणि गठ्ठा सोडला तर सुट्या चारांचीच किंमत डोईजड होते. हे रडगाणं गरीब देशांचंच आहे असं समजू नका. २०१२ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथालयानं आपल्या प्राध्यापकांना कळवलं की मोठ्या प्रकाशकांच्या जर्नलांचा वर्षाचा खर्च ३७.५ लाख डॉलरच्या घरात गेला असून तो आता झेपत नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं एल्सव्हियर या बड्या प्रकाशकाशी करार मोडला आणि दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, नव्या अटींवर केला. देश म्हणून एकत्र सौदा करण्यामागे हेच शहाणपण आहे. एकट्या विद्यापीठाला जे बोलता येत नाही ते पावणेदोन कोटींवर वाचक पाठीशी घेऊन बोलता येतं.

अंदाजपत्रक बनतं कसं

ग्रंथपाल (विद्यापीठात या पदाचं नाव २०१६ च्या कायद्यानं 'ज्ञान स्रोत केंद्राचे संचालक' झालं, विद्यार्थी अजून लायब्ररीयनच म्हणतात) पुढच्या वर्षाची मागणी साधारण दिवाळीच्या मागेपुढे मांडतात. ती वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली असते. लेखाशीर्ष म्हणजे आपल्या आजीचे डबे: किराण्याचा वेगळा, दूधवाल्याचा वेगळा, आणि एकातले पैसे दुसऱ्यात टाकायचे तर आजीची परवानगी. पुस्तकं, जर्नलं, बांधणी, संगणक, फर्निचर, किरकोळ असे हे डबे. मागणी विद्यापीठात वित्त व लेखा समिती, मग व्यवस्थापन परिषद, मग अधिसभा (सिनेट) अशा पायऱ्या चढते. कॉलेजात ग्रंथालय समिती, प्राचार्य आणि महाविद्यालय विकास समिती. मार्चमध्ये अधिसभेच्या बातमीत छापून येतो तो या सगळ्या कापाकापीनंतर उरलेला आकडा.

पगार मात्र या डब्यांत नसतात. ते आस्थापनेच्या खात्यातून जातात, म्हणून ग्रंथालयाचा खर्च किती, याचं उत्तर कायम अर्धवट मिळतं. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, जागा असते, पण माणूस निवृत्त झाल्यावर ती भरली जातेच असं नाही. मग दोन माणसांचं काम एक करतो आणि कागदावर खर्च कमी झालेला दिसतो. ही बचत आहे असं मला कधीच वाटलं नाही.

'मागच्या आकड्यावर दहा टक्के' ही पद्धत सोपी, पण ती जुन्या चुकाही दहा टक्क्यांनी वाढवते. तिला पर्याय शून्याधारित अंदाजपत्रकाचा: दर वर्षी कोऱ्या कागदावरून सुरुवात, प्रत्येक खर्चानं आपली गरज नव्यानं सिद्ध करायची. महाराष्ट्र सरकारनं १९८६ मध्येच ही पद्धत हाती घेतली होती. ऐकायला छान आहे. पण तीस वर्षं सलग आलेल्या जर्नलाला दर वर्षी 'तू का हवंस?' विचारत बसलं तर ग्रंथपालाचं वर्ष त्यातच जाईल. माझं मत असं, की दर चार-पाच वर्षांनी एकदा झाडून-पुसून पाहावं, एरवी चालत्या गाडीला खीळ घालू नये.

"मार्चमध्येच खरेदी? काहीतरी काळंबेरं असणार!"

बहुतेक वेळा काळंबेरं नसतं, कॅलेंडरांची टक्कर असते. पैशांचं वर्ष एप्रिल ते मार्च. शिकण्याचं वर्ष जून-जुलैपासून. जर्नलांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. एकाच दाराला तीन वेगवेगळी कुलुपं.

एप्रिलमध्ये तरतूद मंजूर होते, पण शिक्षक सुट्टीवर. जुलैत याद्या मागवल्या की गणपतीपर्यंत निम्म्या विभागांच्या येतात. दिवाळीनंतर ऑर्डर जाते, परदेशी पुस्तक यायला आठ-दहा आठवडे. मग जानेवारी-फेब्रुवारीत खोकी येतात आणि ३१ मार्चच्या आत बिलं पास व्हावी लागतात, कारण न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे हातची जाते. त्याहून वाईट म्हणजे, 'गेल्या वर्षी पैसे उरले होते' हे वाक्य पुढच्या वर्षी तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. सोसायटीत रंगकामाचे उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या खात्यात जातात. इथे उरलेला पैसा म्हणजे नसलेली गरज.

जर्नलांची गंमत निराळी. वर्गणी आगाऊ भरायची आणि अंक वर्षभर येणार. लेखापरीक्षक विचारतो, माल मिळण्याआधी पैसे कसे दिले? प्रश्न नियमाला धरून असतो. दर नव्या लेखापरीक्षकाला ग्रंथपाल जर्नल म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावतात, मी समोर बसून ऐकलंय.

"टेंडर काढा, स्वस्त देईल त्याच्याकडून घ्या"

खुर्च्यांसाठी हे ठीक. एखादं पुस्तक मात्र एकच प्रकाशक छापतो, त्याला 'समकक्ष' दुसरा ब्रँड नसतो. भौतिकशास्त्राचं एक पुस्तक मागवलं आणि विक्रेत्यानं 'हे नाही, पण तितक्याच जाडीचं दुसरं आहे, दीडशे रुपयांनी स्वस्त' म्हटलं तर चालेल का? केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी ही अडचण ओळखली आहे. खरेदीच्या प्रकरणात 'माल' या शब्दाची व्याख्या करताना ग्रंथालयासाठीची पुस्तकं आणि नियतकालिकं त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत. राज्यांची आणि विद्यापीठांची नियमावली स्वतंत्र असते, आणि तिथे बऱ्याच ठिकाणी भाव छापील किमतीवरच्या सुटीचा होतो: कोण वीस टक्के देतो, कोण तीस.

इथेही एक पाचर आहे. फार जास्त सूट देणाऱ्याच्या खोक्यात कधीकधी जुन्या आवृत्त्या निघतात, गोदामात पडून राहिलेल्या. कागदावर चाळीस टक्के बचत, कपाटात मात्र कोणी हात न लावणारी पुस्तकं. समितीत असताना आम्ही एकदा असा गठ्ठा परत पाठवला. परत पाठवण्याचा पत्रव्यवहार सात महिने चालला.

पुस्तक आलं, खर्च सुरू झाला

दाखल नोंदवहीत क्रमांक, वर्गीकरण, सूचीत नोंद, बारकोड, पाठीवर चिठ्ठी. हे करणाऱ्या माणसाचा वेळ म्हणजे पैसा. सूचीसाठी सॉफ्टवेअर लागतं. 'कोहा' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालं, माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. भेट फुकट असते, पण ती चालवायला सर्व्हर आणि बिघडल्यावर हाक मारायला माणूस लागतो.

मग जागा. तीन फुटी फळीवर साधारण तीस पुस्तकं मावतात. सहा फळ्यांचं कपाट आणि समोर उभं राहायची वाट धरली तर एका चौरस फुटाला दहा-बारा पुस्तकं. वर्षाला दोन हजार पुस्तकं घेणाऱ्या ग्रंथालयाला दर वर्षी १७०-२०० चौरस फूट नवी जागा लागते. म्हणजे दर दीड वर्षाला एक वन-आरके. ठाण्याचे भाव माहीत असलेल्यांनी पुढचा गुणाकार स्वतः करावा. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यातला शेवटचा, 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे.' ते गणिताचे प्राध्यापक होते. त्यांना या वाढीचं क्षेत्रफळही नक्कीच दिसत असणार.

आणि खाडीकाठची हवा. जुलैत पुस्तकांची पानं फुगतात, बांधणी सुटते, बुरशी धरते. वाळवीला लेखाशीर्ष कळत नाही. कीडनियंत्रण, पंखे, बांधणी यांचा डबा बजेटमध्ये सगळ्यात छोटा आणि कात्री लावायची वेळ आली की पहिला तोच हाती लागतो. सोसायटीत याला आपण काय म्हणू? गळती दिसत असताना वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षावर ढकलणं.

"मग पुस्तकं रद्दीत का घालतात?"

अधूनमधून असा फोटो फिरतो आणि सगळे हळहळतात. पण पंधरा वर्षांपूर्वीचं करकायद्याचं गाईड किंवा आठ प्रती असलेलं बाद अभ्यासक्रमाचं पुस्तक त्या वन-आरकेत भाडं न देता राहतं. ते काढण्याला निर्लेखन म्हणतात. त्यासाठी समिती, यादी, मंजुरी लागते. ग्रंथपाल ते टाळतात, कारण पूर्वी पुस्तक हरवलं तर ते पगारातून कापलं जाईल ही भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. वित्तीय नियम याबाबत तितके निर्दयी नाहीत. वर्षात वाचकांनी हाताळलेल्या दर हजारामागे पाच पुस्तकांची घट केंद्राच्या नियमांत वाजवी मानली आहे, निष्काळजीपणा किंवा लबाडी नसेल तर. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी. हा आकडा ठाऊक नसल्यामुळे कितीतरी कपाटं कुलूपबंद राहतात. हरवू नये म्हणून वाचूच न देणं, यासारखा महाग उपाय नाही.

खुर्ची कोणाच्या खात्यात?

या सगळ्यात मला सर्वात जिव्हाळ्याची गोष्ट वेगळीच आहे. संध्याकाळी साडेसहाला ठाण्याच्या कुठल्याही कॉलेजच्या वाचनकक्षात जा. निम्मी मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन बसलेली असतात. एमपीएससी, सीए, नेट. ती एकही पुस्तक नेत नाहीत, एकही जर्नल उघडत नाहीत. घरी तीनशे फुटांत पाच माणसं आणि चालू टीव्ही, म्हणून येतात. त्यांना हवी असते खुर्ची, पंखा, उजेड आणि शांतता.

देवघेवीच्या आकड्यांत ही मुलं दिसत नाहीत. संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तक्त्यांत पुस्तकांवर आणि जर्नलांवर किती खर्च केला त्याची पाच वर्षांची सरासरी विचारली जात आली आहे, म्हणून संस्था तो आकडा जपतात. वाचनकक्ष रात्री दहापर्यंत उघडा ठेवायला दुसऱ्या पाळीचा शिपाई, एक सुरक्षारक्षक आणि वीजबिल लागतं. हे तिन्ही खर्च तीन वेगळ्या विभागांच्या डब्यांत असतात, त्यामुळे 'वेळ वाढवा' या मागणीला नाही म्हणणारा नेमका कोण, हे कुणालाच सापडत नाही. मी असते तर पहिला जास्तीचा रुपया इथे घातला असता, जर्नलांच्या आधी.

किती पैसे पुरेसे?

विद्यापीठ शिक्षणावरच्या राधाकृष्णन आयोगानं १९४८-४९ मध्ये विद्यापीठाच्या एकूण खर्चाच्या सव्वासहा टक्के ग्रंथालयाला द्यावेत असं सुचवलं. पुढे रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या समितीनं दर विद्यार्थ्यामागे १५ आणि शिक्षकामागे २०० रुपये असा हिशेब मांडला. ते रुपये आज हास्यास्पद वाटतात, पण पद्धत टक्केवारीपेक्षा मला जास्त पटते. शेकडो कॉलेजांच्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा खर्च उत्तरपत्रिकांमुळेच फुगलेला असतो. त्याच्या सहा टक्क्यांचा ग्रंथालयाच्या गरजेशी काय संबंध? डोकी मोजावीत, हे सरळ.

आणि जानेवारी २०२८

आता ती तिसरी अट. केंद्रानं जर्नलांचा भार उचलल्यावर वित्त समितीतल्या कुणालाही पहिला विचार काय सुचेल? जर्नलांचा डबा रिकामा करा. कागदावर हे बिनचूक आहे. पण रिकामा डबा पुन्हा भरणं ही सरकारी व्यवहारातली फार अवघड गोष्ट. 'मागच्या आकड्यावर दहा टक्के' या सूत्रात मागचा आकडा शून्य असेल तर दहा टक्के म्हणजे शून्यच. योजनेला मुदतवाढ मिळेलही, त्याच अटींवर मिळेलही. पण आधीपासून जपलेलं लेखाशीर्ष आणि नव्यानं मागायचं लेखाशीर्ष यांत दोन-तीन अंदाजपत्रकांचं अंतर असतं. शहाणी ग्रंथालयं त्या डब्यातले पैसे परत न करता त्यांचं पुनर्विनियोजन, म्हणजे दुसऱ्या कामाकडे वळवण्याची परवानगी, मागतील: बांधणीला, मराठी संदर्भग्रंथांना, योजनेत नसलेल्या डेटाबेसना. डबा जिवंत राहावा म्हणून.

हे सगळं मी खजिनदारांना जिन्यात उभ्यानं सांगितलं, थोडं कमी शब्दांत. ते ऐकत होते आणि बोटांवर काहीतरी मोजत होते.

"म्हणजे डिसेंबर २०२७ ला ॲग्रीमेंट संपतंय," ते म्हणाले. "आणि ही पीएचडीला बसायचं म्हणतेय. तेव्हा ही बरोबर मध्यावर असणार."

मग त्यांनी विचारलं, अधिसभेच्या बैठकीला बाहेरच्या माणसाला बसता येतं का.